एक जून, सहा जानेवारी

स्क्रीनवर तारीख दिसली की सर तिच्यावर बोट ठेवत. नुसतं दाखवायला नाही. दार वाजवावं तसं काचेवर दोनदा टकटक करत आणि विचारत, "काय गं शहाणे, ही तारीख आहे की तारखेचा फोटो?"

नव्या माणसाला हा प्रश्न कळत नसे. मलाही कळला नव्हता. सायली गावातल्या धाग्याच्या कंपनीत मी नुकतीच लागले होते. कॉम्प्युटरच्या खात्याला तिथे सगळे जुन्या सवयीनं ईडीपी म्हणत. खातं म्हणजे काय, तर सर, मी आणि कायम गळणारा एक एसी.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये तारीख दोन तऱ्हांनी ठेवता येते. एक खरी तारीख म्हणून, नाहीतर नुसती अक्षरं म्हणून. अक्षरं म्हणून ठेवलेली तारीख तुम्हाआम्हाला तारखेसारखीच दिसते, पण कॉम्प्युटरला ती तारीख वाटत नाही. तिच्यात दिवस मिळवता येत नाहीत, कोण आधी आणि कोण नंतर हेही धड लागत नाही. त्यामुळे साठवलेल्या माहितीतून काही मागायचं, म्हणजे क्वेरी लिहायची, तर आधी त्याला सांगावं लागतं की बाबा, यातला पहिला आकडा दिवस, दुसरा महिना, तिसरा वर्ष.

"फोटोतल्या माणसाला जेवायला बोलावता येतं का? आधी जिवंत करावं लागतं त्याला," सर म्हणत. "आणि जिवंत करताना नाक कुठलं, कान कुठला, ते आपण सांगायचं. कॉम्प्युटरला अंदाज करायला लावायचं नाही. लावलास, तर तो करेल. खुशाल करेल. आणि तुला सांगणारही नाही."

सर मूळचे नाशिकचे. आमलीत आमच्या गल्लीच्या पलीकडच्या इमारतीत राहत. रिक्षावाल्यांशी ते गुजराती बोलत, पण इतक्या नाशिकी हेलात की रिक्षावाले त्यांना मराठीत उत्तर देत. कँटीनमध्ये शिरले की चारही बाजूंनी हाका येत. काही माणसं अशी असतात, तुम्हीही पाहिली असतील, ती खोलीत आली की बसलेला माणूस नकळत जरा सरकून जागा करतो. सरांचं तसं होतं.

त्यांची आवडती गोष्ट नारळाची. कंपनीनं परदेशातून एक मोठं मशीन मागवलं होतं. ते पोचणार असल्याच्या कागदावर तारीख होती पाच-चार. आपले लोक पाच एप्रिलला हार, नारळ, हळदकुंकू घेऊन गेटवर उभे. मशीन काही आलं नाही. ते आलं चार मेला, कारण तिकडे महिना आधी लिहितात. "वॉचमननं तोच नारळ जपून ठेवला होता," सर सांगत. "मॅनेजरसाहेबांनी फोडला आणि असा वास सुटला, की पूजा उरकून सगळे पळाले. मशीन मात्र अजून छान चालतंय." ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल, आणि दर वेळी हसले.

माझी पहिली क्वेरी चुकली तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले होते. कामगारांची ज्येष्ठतेनुसार यादी काढायची होती. मी तारखा अक्षरं म्हणूनच रांगेत लावल्या, आणि कालपरवा लागलेला पोरगा सगळ्यात जुना ठरला. सर उठले. बाहेर गेले, खमणचा पुडा घेऊन आले, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "खा आधी. रिकाम्या पोटी सगळ्या चुका आपल्याच वाटतात." मग खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एकेक शब्द समजावत क्वेरी माझ्याकडूनच लिहून घेतली. स्वतः कीबोर्डला हात लावला नाही.

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा घरचा डबा घेऊन ते रोज येत. आईशी गप्पा मारत. आईची अहिराणी त्यांना अर्धीच कळे, पण हसायचं कुठे ते बरोबर कळे. आई म्हणायची, "हाऊ मानूस सोनं शे." मलाही तसंच वाटत होतं. हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, माणूस मुळातच तसला असेल. तसं नव्हतं.

आमच्या कंपनीत निम्मी माणसं खानदेशातली. शिरपूर, पारोळा, साक्री, अमळनेर. त्यातल्या एका वयाच्या पुढच्या कुणालाही जन्मतारीख विचारा, उत्तर एकच: एक जून. घरी कुणी तारीख लिहून ठेवलेली नसायची. पोरगं शाळेत नेलं, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान हाताला लागला, की मास्तर हिशेबानं साल धरत आणि पुढे एक जून लिहून टाकत. त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांसाठी मिळून जिलेबी असे. सर टेक्श्चरच्या, म्हणजे धाग्याला पीळ देण्याच्या, शेडमध्ये फिरून हात मिळवत, "वाढदिवस मुबारक! तुम्हालाही. तुम्हालाही."

या एक जूनवाल्यांत सुपडूआप्पा होते. टेक्श्चर खात्यातले जुने ऑपरेटर, आमच्याच तालुक्याकडचे. मला लहानपणापासून ओळखत, माझ्या वडिलांबरोबरच ते इकडे आले होते. बोलायचे कमी. धागा तुटला की मशीनच्या आवाजावरून त्यांना कळायचं, असं लोक म्हणत. त्यांना एकाच गोष्टीची हौस होती. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला शाल, नारळ, हार देत आणि शेडपासून गेटपर्यंत बँड लावून सोडत. आप्पांनी त्यासाठी गावाहून दोघा भावांना बोलवायचं ठरवलं होतं. पांढरी टोपीही घेऊन ठेवली होती. येत्या एक जूनला त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती, आणि कंपनीचा नियम अठ्ठावन्नचा.

त्या दिवाळीनंतर हेड ऑफिसनं सगळ्या कारखान्यांना नवी सिस्टिम लावली. कामगारांची सगळी माहिती जुन्यातून नव्यात न्यायची होती. जुन्यात तारखा म्हणजे नुसती अक्षरं. त्यातही मेख अशी, की काही नोंदी आमच्या टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी-खात्याच्या, दिवस आधी लिहिलेल्या. तर काही एका एजन्सीच्या, महिना आधी लिहिलेल्या. कुठली नोंद कुठली, हे एकेक बघून लावायला हवं होतं. सरांनी वेळ मागितला. हेड ऑफिसहून उत्तर आलं, आठवडा संपायच्या आत सगळं चढलं पाहिजे, आणि एकही नोंद लाल होऊन परत येता कामा नये.

तेव्हा सरांनी एक क्वेरी लिहिली. आधी महिना पहिला धरून वाच. तसं वाचता आलं नाही तर दिवस पहिला धरून वाच. पंधरा ऑगस्टला काही झालं नाही, कारण पंधरावा महिनाच नसतो. कॉम्प्युटरनं मुकाट दुसऱ्या रीतीनं वाचलं. पण शून्य एक, शून्य सहा, म्हणजे आपला एक जून? ते पहिल्याच फटक्यात वाचता आलं. सहा जानेवारी. एकही नोंद लाल झाली नाही. हेड ऑफिसकडून शाबासकी आली. सरांनी मला चहा पाजला.

ज्या माणसानं कॉम्प्युटरला अंदाज करायला लावू नकोस म्हणून मला शिकवलं, त्यानं असं का केलं, हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. दमले होते. वरून रेटा होता. चूक कुणाच्याही हातून होते. त्या क्वेरीबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आजही काही नाही.

डिसेंबरात आप्पांच्या हातात निवृत्तीचं पत्र पडलं. सहा जानेवारी. त्यांना वाटलं, दुसऱ्याचं पत्र आलंय. सुपरवायझरला दाखवलं, सुपरवायझरनं एचआरकडे पाठवलं. एचआरचे साहेब मुंबईचे, नवीन आलेले. त्यांनी आम्हाला लॅपटॉप घेऊन बोलावलं. सर खुर्चीवर बसले, मी त्यांच्या मागे उभी. आप्पा टेबलाच्या पलीकडे, उभेच.

"साहेब, मनी तारीख एक जून शे," आप्पा म्हणाले, आणि शाळा सोडल्याचा लॅमिनेशन केलेला दाखला पुढे केला.

साहेबांनी तो हातात न घेता पाहिला. "असे दाखले कुठेही बनवून मिळतात, आप्पा. आधारवर तुमचं नुसतं साल आहे. भरतीचे कागद तुमच्या जुन्या ठेकेदाराबरोबर गेले. मग मी कशावर विश्वास ठेवू?"

"कागदवर ठेवा ना, साहेब. मास्तरनी लिखेल शे."

"पाच महिन्यांसाठी हे बरं दिसतं का? इतकी वर्षं काढलीत इथे." मग साहेब सरांकडे वळले. "सिस्टिम काय म्हणते?"

सरांनी आप्पांची नोंद उघडली. मी मागून पाहत होते. सहा जानेवारी. आणि मला एकदम कळलं. माझ्या आधी सरांना कळलं होतं, कारण त्यांचं बोट काचेकडे गेलं होतं आणि वाटेतच थांबलं होतं. मानेपर्यंत ते लाल झाले. आता सांगतील, मला वाटलं. एका वाक्याचं तर काम. साहेब, उलटं वाचलं गेलंय.

सरांनी बोट मिटून घेतलं. "सिस्टिममध्ये सहा जानेवारीच दिसतंय, साहेब."

"पक्कं?"

"हो."

आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मग दाखला शर्टाच्या खिशात ठेवला आणि निघाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर लॅपटॉप मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "चल." जिन्यात मी त्यांना अडवलं.

"सर, दिवस-महिना उलटा झालाय."

"माहीत आहे मला. मी बघतो. तू कुठे बोलू नकोस, मी बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. दुसऱ्या दिवशी मी क्वेरी चालवली, तर सगळ्यांच्या तारखा जागेवर आलेल्या. शेडभर पसरलेले ते सगळे सहा जानेवारीवाले पुन्हा एक जूनवाले झाले होते. मला इतकं हलकं वाटलं, की मी आप्पांची नोंद शेवटी उघडली. सहा जानेवारी.

मला वाटलं, राहून गेली असेल. तसं विचारलंही.

सरांनी दार लोटलं. "त्यांचं पत्र निघालंय गं. ती नोंद आता एचआरकडे गेली. मी हात लावला तर कुणी बदलली, का बदलली, सगळं निघेल. आख्खी क्वेरी निघेल. प्रमोशनसाठी हेड ऑफिसला माझं नाव गेलंय, तुला माहीत आहे ना? माझी मुलगी बारावीला आहे."

"पण साहेबांनी आप्पांना खोटं ठरवलं, सर."

"पाच महिन्यांचाच तर प्रश्न आहे. त्यांना तरी आता काम कुठे झेपतं?"

हे त्यांनी अगदी मऊ आवाजात म्हटलं. आईशी दवाखान्यात बोलत त्याच आवाजात. मी तशीच उठले आणि एचआरकडे गेले. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि सरांना बोलावून घेतलं.

सर आले. माझ्याकडे बघून हसले, लहान पोराकडे बघावं तसं. "साहेब, हुशार आहे पोरगी. पण क्वेरी अजून नीट वाचता येत नाही तिला. चूक असती तर सगळ्याच एक जूनवाल्यांची झाली असती ना? तुम्हीच बघा."

साहेबांनी बघितलं. सगळे एक जूनवाले एक जूनलाच होते. आता दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. जुना कॉम्प्युटर हेड ऑफिसचे लोक घेऊन गेले होते, आणि जुनी माहिती होती ती एकट्या सरांकडे. पुढच्या सोमवारी माझी बदली टाइम ऑफिसात झाली.

जानेवारीत आप्पा गेले. वय चोरणाऱ्याला बँड कसला? शालही दिली नाही, आणि दिली असती तरी त्यांनी घेतली नसती. कंपनीच्या कॉलनीतली खोली सोडायची होती, म्हणून टेम्पो आला होता. मी निरोपाला गेले तेव्हा आप्पांची बायको भांडी पोत्यात भरत होती. शेजारची एक बाई म्हणाली, "आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, आप्पा असं करतील." ती हळू बोलली, पण खोली लहान होती. आप्पांनी गॅसची शेगडी उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली.

खरं बाहेर आलं ते उन्हाळ्यात. आप्पांचा पुतण्या प्रॉव्हिडंट फंडाच्या ऑफिसात खेटे घालत होता. तिथे कधीकाळी भरलेल्या जुन्या अर्जावर आप्पांची तारीख होती एक जून. तिथून कंपनीला विचारणा आली आणि एचआरचे साहेब अडचणीत आले. मग आप्पांना पत्र गेलं, तांत्रिक कारणामुळे झालेल्या चुकीबद्दल खेद वगैरे, आणि उरलेल्या दिवसांसाठी कामावर यावं. कुणाची चूक, हे कुणीच विचारलं नाही. कॉम्प्युटरची चूक म्हटलं की सगळ्यांचीच सुटका होते.

तोवर सरांचं प्रमोशन झालं होतं, मुंबईला हेड ऑफिसात. त्यांचा निरोप समारंभ कँटीनमध्ये झाला. केक होता, शाल होती, नारळ होता. टेक्श्चरच्या लोकांनी वर्गणी काढून घड्याळ दिलं. सर बोलायला उभे राहिले आणि एकेकाचं नाव घेत आभार मानू लागले. खोटे नव्हते ते आभार, मी समोरच होते. ईडीपीतली जुनी म्हणून गुच्छ माझ्या हातून द्यायला लावला. "मोठी हो," ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.

मी आप्पांना फोन लावला. "आप्पा, येताय ना? पत्र मिळालं ना?"

"मियनं. पन येवाव नही, माय."

"का हो?"

"खोटा म्हनीसन निंघनू. आते खरा म्हनीसन परत कसाले येऊ?"

तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं. चूक कॉम्प्युटरची नव्हती, सरांची होती; आणि त्यांना ती त्याच खोलीत कळली होती. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"माले माहीत शे," आप्पा म्हणाले. "रोज देखे, हासे. त्या दिनले त्यानी मनाकडे देखंच नही." आणि मग, "जाऊ दे माय. त्याले बी पोरं शेत."

मला जाऊ देता आलं नाही. मी ती कंपनी सोडली, राखोलीला दुसरीकडे लागले. आता माझ्या हाताखाली दोन मुली आहेत. त्यांना मी शिकवते ते सगळं सरांचंच आहे. दुसऱ्या कुणी मला काही शिकवलंच नाही, तर आणणार कुठून? कधी कधी बोलताना त्यांचाच हेल माझ्या तोंडी येतो, आणि मी मध्येच गप्प होते. मुलींना वाटतं, मॅडम विसरल्या.

मागच्या वर्षी सर घरी आले होते. वापीला काही काम होतं, तिथून मुद्दाम आमलीत आले. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, बाकी तेच. आल्याआल्या आईच्या फोटोला नमस्कार केला आणि डोळे पुसले. मी कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता, पोटभर जेवले. कंपनीतल्या एकेकाची चौकशी केली. सुपरवायझर, वॉचमन, कँटीनवाला, त्याच्या मुलीचं लग्न झालं का, सगळं. मी उत्तरं देत होते आणि वाट बघत होते. त्यांची यादी संपली. ते उठले, दाराशी बूट घालायला बसले.

"सर, आप्पांचं नाही विचारलंत."

त्यांनी मान वर केली. "कोण आप्पा?"

मी त्यांचा चेहरा निरखून पाहिला. तिथे काहीच नव्हतं. आठवत असून विचारत होते, की खरंच विसरले होते, ते मला कळलं नाही. आणि यातलं कुठलं जास्त वाईट, तेही अजून ठरवता आलेलं नाही.

"टेक्श्चरचे. सुपडूआप्पा."

"हां हां, ते! बरे आहेत ना?" असं म्हणून ते उत्तराला न थांबता जिना उतरू लागले.

मी गॅलरीत आले. खाली त्यांनी रिक्षा थांबवली, त्यांच्या त्या गुजरातीत भाव ठरवला, रिक्षावाल्याला हसवलं. बसता बसता वर बघून पूर्ण हात हलवला. सवयीनं माझाही हात वर गेला. रिक्षा वळून दिसेनाशी झाली, तरी तो वरच होता.